तेवीस दिवस आणि तीन महिने

पोर्तुगीज दर्यावर्दी वास्को द गामा १४९८ साली समुद्रमार्गे हिंदुस्थानात आला, ही गोष्ट शालेय पुस्तकातून प्रत्येकाच्या परिचयाची झालेली असते. त्याने भारताचा जलमार्ग ‘शोधून काढला’, असेही तेथे लिहिलेले असते. या दुसऱ्या विधानाची पारख करायची असेल, तर त्याच सफरीतील दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदी बंदरातून निघाल्यावर मलबारची भूमी दृष्टीस पडेपर्यंत त्याच्या जहाजांना २३ दिवस लागले. परतताना तोच अरबी समुद्र ओलांडण्यास त्याच जहाजांना, त्याच कप्तानांच्या हाताखाली, तीन महिन्यांना तीनच दिवस कमी इतका काळ लागला आणि तेवढ्या अवधीत तीस माणसे मृत्युमुखी पडली.

एकच समुद्र, तीच तारवे. मग एवढे अंतर कशाने पडले?

त्या काळी मलबारचे मिरे युरोपच्या स्वयंपाकघरात पोहोचेपर्यंत अनेक हातांतून जात असे. कालिकतहून तांबड्या समुद्रापर्यंत जहाजाने, तेथून उंटांच्या पाठीवरून कैरो व अलेक्झांड्रिया, पुढे व्हेनिसचे व्यापारी. प्रत्येक टप्प्यावर जकात, प्रत्येक टप्प्यावर दलाली. ही साखळी टाळून थेट उगमाशी जावे, ही पोर्तुगालच्या राजघराण्याची अनेक दशकांची धडपड होती. आफ्रिकेच्या किनाऱ्याने दरवर्षी थोडे थोडे पुढे सरकत अखेर १४८८ मध्ये बार्तोलोमेव दियश याने त्या खंडाचे दक्षिण टोक ओलांडले. पण त्याच्या खलाशांनी पुढे जाण्यास नकार दिल्यामुळे तो माघारी फिरला. अपुरे राहिलेले ते काम राजा मानुएल याने वास्को द गामाकडे सोपविले.

८ जुलै १४९७ रोजी लिस्बनजवळून चार जहाजे निघाली. ‘सांव गाब्रिएल’वर स्वतः गामा, ‘सांव राफाएल’वर त्याचा भाऊ पाउलो, धाकट्या ‘बेर्रिओ’वर निकोलाव कोएल्यो आणि चौथे केवळ शिधासामग्रीचे. माणसे सुमारे १७०. त्यांच्यापैकी एकाने लिहिलेली रोजनिशी आज उपलब्ध आहे. लिहिणाऱ्याने आपले नाव कोठेही दिलेले नाही. पण तो डोळसपणे पाहणारा होता आणि जे पाहिले ते फारसे न फुगवता लिहिणारा होता. या सफरीची जी खात्रीलायक माहिती मिळते, ती मुख्यतः त्याच्याच लेखणीतून.

गामाच्या पदरात जे श्रेय पडायला हवे ते अटलांटिक महासागराबाबतचे आहे. केप व्हर्दची बेटे ३ ऑगस्टला सोडल्यावर त्याने किनाऱ्याची सोबत सोडून दिली आणि अनुकूल वारा मिळविण्यासाठी जहाजे पश्चिमेकडे, भर समुद्रात घातली. नोव्हेंबर उजाडेपर्यंत जमीन दिसली नाही. कोलंबस अमेरिकेला गेला तेव्हा कॅनरी बेटांनंतर तो जेमतेम पाच आठवडे जमिनीवाचून राहिला होता; येथे तीन महिने उलटले. एवढ्या मोठ्या वळशानंतर जहाजे दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याला नेमकी लागली. हा मार्ग यापूर्वी कोणी आक्रमिला नव्हता, आणि त्याला शोध हेच नाव शोभते. २२ नोव्हेंबरला केप ऑफ गुड होप ओलांडले गेले. थोडे पुढे एका उपसागरात शिधासामग्रीचे जहाज मोडून त्यातील माल उरलेल्या तिघांवर चढविण्यात आला.

यानंतर जे घडले ते मात्र निराळ्या जातीचे आहे. जानेवारी १४९८ मध्ये एका नदीच्या मुखाशी ही मंडळी महिनाभर अडकून पडली. ताजे अन्न नसल्याने हातपाय सुजत, हिरड्या वाढून दातांवर चढत आणि घास गिळवेनासा होई. हा स्कर्व्ही रोग होय. २ मार्चला ते मोझांबिकला पोहोचले, तेव्हा आपण एका अज्ञात जगाच्या नव्हे तर एका भरलेल्या बाजाराच्या दारात उभे आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले. तेथील व्यापारी तलम सुती व जरीकाम केलेली वस्त्रे नेसत होते. बंदरात नांगरलेल्या गलबतांत सोने, चांदी, लवंग, मिरे, आले आणि मोती असल्याचे त्यांना सांगण्यात आले. गामाने तेथील सुलतानाला टोप्या, पोवळी इत्यादी भेट पाठविली. तिचा त्याने अव्हेर केला व किरमिजी कापड आहे का, असे विचारले. ते जहाजांवर नव्हते. पुढे कालिकतला जे व्हायचे होते त्याची ही पूर्वसूचनाच होती, पण ती कोणी मनावर घेतली नाही.

मोझांबिकला संशयातून चकमक झाली आणि मोंबासालाही विश्वास जमला नाही. मोंबासाशी स्पर्धा असलेल्या मालिंदीच्या सुलतानाने मात्र एप्रिलच्या मध्यास त्यांचे स्वागत केले. त्या बंदरात हिंदुस्थानची चार गलबते उभी होती. रोजनिशीकाराने त्यांवरील माणसांना बेधडक ‘ख्रिस्ती’ म्हटले आहे, कारण मुसलमान नसलेला प्रत्येक पौर्वात्य ख्रिस्तीच असणार, अशी या मंडळींची भाबडी समजूत होती. परंतु त्याच लेखकाने पुढे नोंदविलेले तपशील त्या समजुतीला छेद देतात. ही माणसे सावळी होती, अंगावर थोडके कपडे, लांब दाढ्या व वेणी घातलेले लांब केस. आणि आपण गोमांस खात नाही, असे त्यांनी आवर्जून सांगितले. किनाऱ्यावर उतरू नका, या थाटामाटावर विसंबू नका, असा सावधगिरीचा सल्लाही त्यांनी गामाला दिला. परक्या मुलखात भेटलेल्या नवख्या व्यापाऱ्याला जुन्या व्यापाऱ्याने द्यावा तसाच हा सल्ला होता.

हिंदी लोक येथे कसे, असा प्रश्न पोर्तुगीजांना पडला असेल. व्यापारी घराण्यांत वाढलेल्यांना पडू नये. समुद्र ओलांडून जाणारे वणिक जैन कथावाङ्मयाला पुरातन काळापासून परिचित आहेत. ज्ञाताधर्मकथेतील माकंदीपुत्र आणि अर्हन्नक, तसेच श्रीपाल राजाच्या कथेतील धवल शेठ हे सारे तारवांतून जाणारे लोक. कथा बाजूला ठेवली तरी कच्छमधील भद्रेश्वरचा जगडूशाह तेराव्या शतकात होऊन गेला. त्याचा व्यापार इराणच्या होर्मुझपर्यंत पोहोचला होता आणि दुष्काळात त्याने आपली धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केली होती. गामानंतर काही वर्षांतच हिंदुस्थानात आलेला दुआर्त बार्बोझा लिहितो की, कालिकतमध्ये गुजराती व्यापाऱ्यांची मोठाली घरे होती. आणि गुजरातचे वाणी मांसाहार करीत नाहीत, इतकेच नव्हे तर दुसऱ्यांनी पकडलेले पक्षी पैसे मोजून सोडवितात, याचे त्याला मोठे नवल वाटले होते.

मालिंदीच्या सुलतानाने गामाला एक वाटाड्या दिला. हा मनुष्य कोण, यावर बरीच शाई खर्च झाली आहे. रोजनिशी त्याला ख्रिस्ती म्हणते. पन्नासएक वर्षांनी इतिहास लिहिणारा जुआंव द बारुश त्याला गुजरातचा मुसलमान म्हणतो आणि त्याचे नाव ‘मालेमो काना’ असे देतो. यातील ‘मालेमो’ म्हणजे अरबी ‘मुअल्लिम’, कच्छी दर्यावर्दींच्या बोलीतील ‘मालम’, अर्थात तारू हाकणारा जाणकार. ‘काना’ वा ‘कनक’ या शब्दाचा संबंध काही अभ्यासक आपल्या ‘गणक’ शब्दाशी लावतात. म्हणजे ही दोन्ही नावे नसून पदव्याच ठरतात. कच्छची परंपरा त्याला मांडवीचा कानजी मालम म्हणून अभिमानाने ओळखते. विख्यात अरब नाविक अहमद इब्न माजिद हाच तो, असेही दीर्घकाळ मानले गेले. परंतु त्या मताचा आधार एक उत्तरकालीन बखर असून आजचे अभ्यासक ते ग्राह्य धरीत नाहीत. तो गुजरातकडील होता, एवढ्यावर पोर्तुगीज इतिहासकारांचे एकमत आहे.

बारुशने या दोघांच्या भेटीचा एक प्रसंग दिला आहे, आणि तो अतिशय बोलका आहे. वाटाड्याने गामापुढे हिंदुस्थानच्या संपूर्ण किनाऱ्याचा नकाशा उलगडला. त्यावर उभ्याआडव्या रेषांची बारीक चौकट आखलेली होती. गामाने आपल्याकडील सूर्याची उंची मोजण्याची मोठी लाकडी व धातूची यंत्रे मोठ्या ऐटीत दाखविली. पाहुणा चकित झाला नाही. तांबड्या समुद्रातील काही नाविक अशीच पितळी उपकरणे वापरतात, असे तो शांतपणे म्हणाला. आपण व खंबायतचे खलाशी मात्र दुसरेच साधन वापरतो, असे सांगून त्याने ते काढून दाखविले.

हे साधन म्हणजे ‘कमाल’. लाकडाची लहानशी चौकोनी फळी, मधोमध भोक आणि त्यात ओवलेली गाठींची दोरी, एवढाच त्याचा संसार. दोरीची गाठ दातांत धरायची आणि दोरी ताणून फळी डोळ्यांसमोर अशी धरायची की खालची कड क्षितिजाला व वरची कड ध्रुवताऱ्याला टेकावी. कोणत्या गाठीवर हा मेळ बसतो, त्यावरून ध्रुवाची उंची अंगुळांत कळते. उत्तरेकडील बंदरावर ध्रुव उंच दिसतो, दक्षिणेकडील बंदरावर तो खाली उतरतो. प्रत्येक बंदराची गाठ ठरलेली. भर समुद्रात त्या गाठीवर ध्रुव आला की तारवाचे तोंड पूर्वेकडे वळवायचे आणि नाकासमोर जायचे. किमतीच्या मानाने इतके चोख काम देणारे दुसरे साधन त्या काळच्या समुद्रावर क्वचितच असेल.

परंतु वाटाड्याचे खरे भांडवल या फळीत नव्हते. ते तिथीत होते. जहाजे २४ एप्रिलला मालिंदीहून निघाली. ही तारीख योगायोगाची नाही. चैत्र-वैशाखात नैर्ऋत्येचा वारा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर धरू लागतो. तो मागून घेऊन निघालेले तारू ज्येष्ठाचे तुफान फुटण्यापूर्वी मलबारला लागले पाहिजे. आठ दिवस लवकर निघाले तर शीड भरत नाही, पंधरा दिवस उशीर झाला तर पुढची बंदरे बंद. पाच दिवसांनी, २९ एप्रिलच्या रात्री, फार दिवसांनंतर ध्रुवतारा दिसल्याची नोंद रोजनिशीत आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेस तो दिसत नाही. म्हणजे आता कमाल उपयोगी पडू लागले होते. १८ मे रोजी उंच डोंगर दिसले. दुसऱ्या दिवशी विजांच्या कडकडाटासह एवढा पाऊस कोसळला की वाटाड्यालाही किनारा ओळखता येईना. २० मे रोजी मात्र त्याने खूण पटविली आणि हाच तुम्हांला हवा असलेला देश, असे गामाला सांगितले. पावसाळा तेव्हा अक्षरशः पाठीवर येऊन ठेपला होता.

कालिकत हे त्या काळचे केवढे मोठे आणि नेकीचे बंदर होते, याची साक्ष गामापूर्वी सुमारे पंचावन्न वर्षे तेथे आलेल्या अब्दुर रझाक या इराणी वकिलाने दिली आहे. परदेशी व्यापारी आपला माल उतरवून बाजारात निर्धास्त ठेवीत, त्यावर राखण ठेवण्याचे काम जकात अधिकारी करीत. माल विकला गेला तर चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, जकात. न विकला तर काहीच नाही. अशा बाजारात पत कमवायची तर वेळ आणि व्यवहार दोन्ही लागतात.

गामाने मानुएल राजाच्या वतीने सामुदिरी राजासाठी जो नजराणा काढला त्याची यादी रोजनिशीत आहे: पट्टेदार कापडाचे १२ तुकडे, ४ किरमिजी शिरस्त्राणे, ६ टोप्या, पोवळ्यांच्या ४ माळा, हात धुण्याची ६ भांडी, साखरेची एक पेटी, तेलाची दोन पिंपे आणि मधाची दोन. राजाचा कारभारी ते पाहून हसला. मक्केकडून किंवा हिंदुस्थानातून येणारा अतिशय गरीब व्यापारीसुद्धा याहून अधिक देतो, राजाला द्यायचे तर सोने द्यावे, असे त्याने तोंडावर सांगितले. गामाने आपण व्यापारी नसून वकील आहोत, अशी सारवासारव केली. पण पहिल्याच दिवशी पेढीचा आडाखा जगजाहीर झाला होता.

मालाचीही तीच गत झाली. पोर्तुगालमध्ये ३०० रेइशला जाणारा उत्तम सदरा येथे दोन फनमांना, म्हणजे ३० रेइशला मागितला जाऊ लागला. तरीही खलाशांनी सदरे, कडी, कथील असे जे जवळ होते ते एक एक करून विकले आणि लवंग, दालचिनी, थोडी रत्ने मिळविली, एवढ्यासाठी की मायदेशी नमुना तरी दाखविता यावा. निघताना सामुदिरीच्या अधिकाऱ्यांनी बंदराचे देणे म्हणून ६०० अश्रफी मागितल्या. गामाला तो अन्याय वाटला. वस्तुतः जकात सर्वांनाच भरावी लागे. त्यातून ओलीस धरणे, अडवणूक, धमक्या असे प्रकरण वाढत गेले. याही स्थितीत सामुदिरीने पोर्तुगालच्या राजाला लोखंडी लेखणीने ताडपत्रावर लिहून दिलेले पत्र व्यापाऱ्याच्या स्वच्छ भाषेत आहे. माझ्या देशात दालचिनी, लवंग, आले, मिरे व रत्ने विपुल आहेत. त्यांच्या मोबदल्यात मला सोने, चांदी, पोवळी आणि किरमिजी कापड हवे, असा त्याचा आशय.

२९ ऑगस्ट १४९८ रोजी जहाजे कालिकतहून निघाली. कोकण किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पाण्यात घालतात, तोच हा काळ. किनाऱ्याने जाण्यास तो योग्यच. परंतु आफ्रिकेकडे जायचे तर ईशान्येचा वारा स्थिर व्हावा लागतो, आणि त्यासाठी मार्गशीर्षापर्यंत थांबणे भाग असते. हे मालिंदीपासून खंबायतपर्यंतच्या प्रत्येक नाखव्याला ठाऊक होते. म्हणून तर या समुद्रावरील व्यापारी परक्या बंदरात घरे बांधीत, गुमास्ते नेमीत आणि दोन वाऱ्यांमधील महिने हिशेब, वसुली आणि खरेदीत घालवीत. थांबणे हाही त्यांच्या धंद्याचा भाग होता.

गामापाशी असे घर नव्हते, मित्र नव्हते आणि शत्रू झाले होते. त्याची ही अडचण खरी होती, हे मान्य केले पाहिजे. गोव्याच्या दक्षिणेस, कारवारसमोरील अंजदीव बेटावर त्याने जहाजांची डागडुजी केली, पाणी भरले आणि जवळपास संशयास्पद गलबते दिसू लागताच ५ ऑक्टोबरला भर समुद्रात शिडे उभारली. वारा एकतर पडलेला, नाहीतर तोंडावरचा. दिवसामागून दिवस जहाजे जागच्या जागी डुलत राहिली. स्कर्व्ही पुन्हा पसरला. आधीच तीसएक माणसे गेली होती. आणखी तीस गेली. शेवटी प्रत्येक जहाजावर काम करण्यासारखी सात-आठ माणसेच उरली, आणि तीही धडधाकट नव्हती. कप्तानांनी विचार करून ठरविले की वारा मिळाला तर हिंदुस्थानलाच परत फिरावे. आणखी पंधरा दिवस असेच गेले असते तर जहाजे चालवायला कोणी राहिले नसते, असे रोजनिशीकार लिहितो. अखेर वारा फिरला. सहाएक दिवसांत, २ जानेवारी १४९९ रोजी, आफ्रिकेचा मोगादिशू किनारा दिसला. ज्या वाऱ्याची त्यांनी अंजदीवला वाट पाहिली नव्हती, तोच हा वारा.

७ जानेवारीला मालिंदीला पोहोचल्यावर गामाने पहिले काम केले ते आजाऱ्यांसाठी संत्री आणविण्याचे; त्यांना त्याच फळाची आस लागली होती. पण पुष्कळांच्या बाबतीत उशीर झाला होता आणि तेथेही माणसे मेली. तीन जहाजे चालविण्याइतके हात उरले नसल्यामुळे थोडे पुढे ‘सांव राफाएल’ जाळून टाकावे लागले. कोएल्योचे ‘बेर्रिओ’ १० जुलै १४९९ रोजी प्रथम पोर्तुगालला लागले. गामा मागे राहिला, कारण त्याचा भाऊ पाउलो मरणोन्मुख होता. अझोर्सपैकी एका बेटावर भावाला मूठमाती देऊन मगच तो घरी गेला. निघालेल्या सुमारे १७० जणांपैकी ५५ च्या आसपासच परत आले, असे मानले जाते. लिस्बनला उत्सव झाला. मानुएल राजाने स्वतःच्या बिरुदांत हिंदुस्थानच्या व्यापाराचे व नौकानयनाचे स्वामित्व जोडून घेतले.

पुढचा अध्याय कटू आहे. नजराण्याने जे साधले नाही ते तोफांनी साधायचे, असे ठरले. १५०२ मध्ये गामा दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे एक जहाज बायकामुलांसह जाळले. त्यानंतर गुजरातच्या व्यापाऱ्यांना, ज्या समुद्रावर त्यांचे पूर्वज मुक्तपणे वावरले, त्याच समुद्रावर पोर्तुगीजांकडून ‘कार्ताझ’ नावाचे परवाने घेऊन फिरावे लागले.

वाऱ्याबाबत मात्र पोर्तुगीजांनी धडा तत्काळ घेतला. गामा परतल्यानंतर सहा-सात महिन्यांतच, ९ मार्च १५०० रोजी, पेद्रु आल्वारिश काब्राल १३ जहाजे घेऊन लिस्बनहून निघाला. गामाने निघण्यासाठी जुलै निवडला होता, याने मार्च निवडला. परतीला त्याने जानेवारीच्या मध्यापर्यंत कन्नूर सोडले नाही, आणि महिन्याभरात त्याची जहाजे मालिंदीच्या आसपास पोहोचली. पुढच्या काळात पोर्तुगीज आरमारे साधारण याच वेळापत्रकाने चालली: लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये प्रयाण, गोव्याला सप्टेंबरच्या सुमारास आगमन, आणि मिऱ्याने भरलेली जहाजे परत निघायची ती डिसेंबर-जानेवारीत, ईशान्येचा वारा धरल्यावर.